सेलिगमनचे दोन विद्यार्थी आणि हिंगणघाटची रुई

अर्थशास्त्राचं पुस्तक मी मागून वाचते. आधी परिशिष्टं, मग तक्ते, मग तक्त्यांखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा, आणि एवढं होऊनही उत्सुकता उरली तर प्रस्तावना. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या बाईकडून दुसरी अपेक्षा करू नये. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी आणि थोडी घट. हा उतारा डोक्यात पक्का असला की माणूस सहसा फसत नाही. कोणी क्विंटलमागं ४० किलो रुई दाखवली की आम्ही आधी वजनकाटा तपासतो, मग दाखवणाऱ्याचं नाव विचारतो. पुस्तकाच्या बाबतीतही मी लेखकाचं विद्यापीठ नंतर बघते. मोजलं कोणी, मोजलं काय आणि कोणाला मोजायचं राहिलं, हे आधी.

गरिबी, विषमता, शहरं यांवरची विद्यापीठांतली पुस्तकं आपल्यासारख्यांना लांबची वाटतात. भाषा जड असते हे खरंच. पण त्याहून मोठी अडचण अशी, की ती आपल्याबद्दल नसतातच असं आपण धरून चालतो. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्यानं तरी असं धरू नये. जेवणाच्या सुट्टीत मी गोदामाच्या सावलीत वाचत बसते. एकदा एका हमालानं विचारलं, "ताई, एवढं जाड पुस्तक कायचं होय?" मी म्हटलं, गरिबीचं. तो म्हणाला, "मंग आम्हाले इचारलं अस्तं तं पातळ झालं अस्तं."

स्वेन बेकर्ट या इतिहासकाराचं 'एम्पायर ऑफ कॉटन' हे २०१४ चं पुस्तक मी हाती घेतलं ते निव्वळ नावामुळं. कापसाच्या धंद्यातून आजची भांडवलशाही कशी उभी राहिली, हा त्याचा विषय. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथल्या गुलामांच्या कष्टांवर पिकणारा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-मध्य प्रांताकडं वळली. इंग्रज सरकारनं मग आपल्याकडं कापसासाठी खास आयुक्त नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा. बेकर्ट खामगावच्या बाजारापर्यंत येतो. तिथून पुढचं मी आपल्या गॅझेटियरमधून जोडत गेले. वर्धा जिल्हा नागपूरमधून वेगळा झाला १८६२ मध्ये. वर्धा शहर वसलं १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर. आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. 'हिंगणघाट' हे तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका जातीचं नाव होतं. म्हणजे ज्या वर्ध्याला आपण आपलं जुनं, शांत जिल्ह्याचं गाव म्हणतो, ते जगाच्या बाजारानं घाईघाईत आखलेलं शहर आहे. वर्ध्याचे सरळ रस्ते त्याच काळातले.

हीच कापसाची तेजी धनंजयराव गाडगीळांनी कितीतरी आधी लिहून ठेवली होती. त्यांचं बालपण नागपूरचं. केंब्रिजला केलेल्या अभ्यासातून १९२४ मध्ये त्यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघाला. त्यांच्या ग्रंथातला मला सर्वांत उपयोगी पडलेला भाग कारखान्यांचा नाही, शहरांचा आहे. आपल्याकडची जुनी कारागिरांची शहरं ओसरत गेली, आणि नवी शहरं वाढली ती रेल्वे, व्यापार आणि दुष्काळानं गावातून उठवलेली माणसं यांच्यामुळं. इंग्लंडात कारखान्यांनी माणसं ओढून घेतली. इथं कारखाने थोडे, आणि माणसं मात्र गावातून ढकलली गेली. ओढणं आणि ढकलणं यांतला हा फरक एकदा कळला की शहरांवरचं कुठलंही पुस्तक हाती आलं तरी पहिला प्रश्न तयार असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिगमन नावाचे प्राध्यापक होते. सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकार कर कोणाकडून घेतं आणि खर्च कोणावर करतं, हा त्यांचा विषय. जास्त कमाई असणाऱ्यानं जास्त दरानं कर द्यावा, या विचाराचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत त्यांचं नाव वरचं. या गुरूकडं भीमराव आंबेडकर १९१३ पासून शिकले. पुढं १९२७-२८ च्या सुमारास मुंबईत हिशेब तपासनिसाचा धंदा करणारा एक तमिळ ख्रिस्ती तरुण अमेरिकेला गेला आणि त्याच सेलिगमनसमोर बसला. तंजावरचे जे. सी. कुमारप्पा. हिंदुस्थान गरीब का, याचं उत्तर त्यांनी सरकारी जमाखर्चात शोधलं आणि त्यावर प्रबंध लिहिला. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले, प्रबंध 'यंग इंडिया'त लेखमाला म्हणून छापला गेला, आणि पुढची बरीच वर्षं हे हिशेब तपासनीस राहिले वर्ध्यात, मगनवाडीला.

आंबेडकरांच्या प्रांतिक वित्तावरच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना सेलिगमननी लिहिली. कुमारप्पांच्या प्रबंधाला लिहिली गांधीजींनी. गुरू एक, दोघांचाही आरोप एकच, की इंग्रज सरकार रयतेकडून घेतं ते रयतेच्या कामी लावत नाही. आणि तरीही गाव आणि शहर या प्रश्नावर दोघे पार विरुद्ध टोकांना जाऊन पोचले.

आंबेडकरांचा १९१८ चा लहान शेतीवरचा निबंध मी नागपूरला दीक्षाभूमीच्या बाहेर फुटपाथवर घेतला. (दसऱ्याच्या दिवसांत तिथं जेवढी जाड पुस्तकं खपतात तेवढी कुठल्या संमेलनात खपत असतील असं मला वाटत नाही, आणि घेणारे बहुतेक रेल्वेच्या जनरल डब्यानं आलेले असतात.) महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे. त्या काळात सगळे म्हणत, शेतीचे तुकडे फार झालेत, ते जोडा म्हणजे शेती सुधारेल. आंबेडकर म्हणतात, तुकडा लहान की मोठा हा प्रश्नच अपुरा आहे. त्यावर बैल किती, अवजारं किती, राबणारे हात किती, त्यावर ते शेत परवडणार की नाही हे ठरतं. दोन एकरांवर भरपूर भांडवल असेल तर ते पुरतं, आणि वीस एकरांवर नुसती माणसंच असतील तर तेही बुडतं. आपल्याकडं जमिनीवर हात जास्त आणि त्यांना द्यायला काम कमी. मग शेतीचा इलाज शेतीबाहेर करायला हवा, कारखाने काढून. निबंध छोटा आहे, एका रात्रीत संपतो. कॉलेजात उत्पादनाच्या घटकांचं प्रमाण शिकवतात तेव्हा डोळे मिटतात, तेच इथं धुऱ्यावर उभं राहून बोलल्यासारखं कळतं.

कुमारप्पांची दिशा उलटी. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्याला स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपला बगीचा दिला, त्याला मगनलाल गांधींचं नाव मिळालं, तीच मगनवाडी. घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या, चुली अशा गोष्टींवर तिथं प्रयोग चालले आणि १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. ते आजही आहे, जरूर बघा. याच काळात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं उद्योगांच्या पाहणीची समिती नेमली आणि अध्यक्षपद कुमारप्पांना दिलं. १९४२ नंतर ते जबलपूरच्या तुरुंगात गेले आणि तिथं त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक लिहिलं. निसर्गातल्या परोपजीवी आणि लुटारू व्यवहारांपासून सेवेच्या व्यवहारापर्यंत ते पायऱ्या लावतात, आणि कुठला धंदा कुठल्या पायरीवर बसतो हे निर्भीडपणे सांगतात. शूमाखर यांच्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या १९७३ च्या जगप्रसिद्ध पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतलेला आहे. वर्ध्याच्या कॉलेजात जाणाऱ्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे, ते विचारून बघा.

कुमारप्पांचं एक म्हणणं मला आमच्या गेटवर रोज दिसतं. एकाकडं टिकणारा पैसा आहे आणि दुसऱ्याकडं पडून राहिला तर खराब होणारा माल. या दोघांचा सौदा बरोबरीचा होऊच शकत नाही, कारण पैसेवाला थांबू शकतो. कापूस तसा लगेच सडत नाही, पण घरात ठेवला की वजन उतरतं, रंग जातो, उंदीर लागतात आणि सोसायटीच्या कर्जाची तारीख थांबत नाही. म्हणून दिवाळीच्या तोंडावर भाव कमी असला तरी गाड्यांची रांग लागतेच.

तरीही कुमारप्पा वाचताना माझी पेन्सिल अडते. त्यांच्या गावात घाणी कोण चालवतो, मेलेलं ढोर कोण उचलतो, विहिरीवर कोण येऊ शकत नाही, या रकान्यांत आकडे कमी आहेत. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्यांच्या गौरवावर जो घाव घातला तो याच रकान्यांवर. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये बजाजांनी सर्वांना खुलं केलं, ही अभिमानाची गोष्ट. पण ते खुलं करावं लागलं, हीही नोंद त्याच पानावर. उलट बाजूनं पाहा, आंबेडकर ज्या कारखान्यांकडं बोट दाखवत होते त्या कापडगिरण्यांमध्ये, नागपूरच्या एम्प्रेसपासून आमच्या हिंगणघाट-पुलगावपर्यंत, आमच्या आजोबांच्या पिढीनं पगार पाहिला. नंतर एम्प्रेस बंद पडली, पुलगावची गिरणीही गेली. गिरणी गेल्यावर हात पुन्हा शेतावर आले. म्हणजे १९१८ च्या निबंधाचा प्रश्न जसाच्या तसा परत आला, आणि कुमारप्पांचा इलाजही शिल्लक नव्हता, कारण घाण्या त्याआधीच मोडलेल्या. दोघांतला एकच बरोबर, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोघांनाही पुरतं वाचलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाता जाता एक. १९४४ मध्ये देशासाठी तीन योजना छापल्या गेल्या. मुंबईच्या उद्योगपतींची दहा हजार कोटींची, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गटाची पंधरा हजार कोटींची, आणि वर्ध्याच्या सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांची गांधीवादी योजना, साडेतीन हजार कोटींची. जिल्ह्याच्या गावातला प्राचार्य देशाचा जमाखर्च मांडायला बसतो, हे तेव्हा कोणाला विचित्र वाटलं नव्हतं.

शहरांवरच्या पुस्तकांत सुरुवात करायची तर मी पुण्यापासून करायला सांगेन. गोखले अर्थशास्त्र संस्थेनं गाडगीळांच्या देखरेखीखाली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये आले. घरोघरी जाऊन कोण काय काम करतो, किती कमावतो, किती जागेत राहतो याची नोंद. नंतर सोवनींनी त्याच शहराची फेरपाहणी केली. हे वाचायला कंटाळवाणं आहे, मी खोटं सांगणार नाही. पण एक गंमत करा. त्याच्या शेजारी हॅरोल्ड मान यांचं १९१७ चं दख्खनच्या एका खेड्याचं पुस्तक ठेवा. ते खेडं पिंपळे सौदागर. १७७१ मध्ये तिथं सरासरी धारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती सात एकरांवर आली, असं मान यांनी जुन्या दप्तरांवरून दाखवलं. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि माझा भाचा तिथं आठव्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी त्याला मान यांचा तक्ता दाखवला. तो म्हणाला, "मावशी, सात एकर? आता तर आमच्या सोसायटीत गाडी लावायला जागेची सोडत निघते." त्याच्या घरमालकाचं आडनाव मान यांच्या काळातल्या जमिनीच्या दप्तरात असेल का, हा प्रश्न मात्र त्याला सुचला नाही. विषमतेच्या पुस्तकांचा खरा विषय तोच आहे, जमीन कोणाच्या नावावर होती.

थॉमस पिकेटींचं 'एकविसाव्या शतकातलं भांडवल' हे २०१३ चं जाडजूड पुस्तक याच प्रश्नाभोवती फिरतं. लोक त्याच्या जाडीला घाबरतात. मुद्दा एका हिशेबात मावतो. साठवलेल्या संपत्तीवर, म्हणजे घर, जमीन, शेअर यांवर, वर्षाला पाच टक्के सुटतात असं धरा, तर ती सुमारे १४ वर्षांत दुप्पट होते. देशाचं एकूण उत्पन्न दीड टक्क्यानं वाढत असेल तर ते दुप्पट व्हायला सुमारे ४७ वर्षं लागतात. मजुरी आणि पगार साधारण दुसऱ्या चालीनं वाढतात. मग बापाची इस्टेट असलेला बसल्या जागी पुढं जातो आणि राबणारा मागं पडतो. पिकेटी हे समजावताना बाल्झाक आणि जेन ऑस्टिन यांच्या कादंबऱ्यांतल्या वारसाहक्कांची उदाहरणं देतात. ती पानं आधी वाचावीत.

भारतावरचा त्यांचा आणि लुका शांसेल यांचा २०१७ चा निबंध मी टिपांसकट वाचला. वरच्या एक टक्का लोकांच्या हातात देशाच्या उत्पन्नाचा वाटा १९३० च्या दशकाअखेर सुमारे २१ टक्के होता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्क्यांपर्यंत उतरला आणि २०१४ पर्यंत परत २२ वर गेला, असा त्यांचा निष्कर्ष. आकडा गाजला. पण हिशेबनिसानं विचारायचं, नोंद कुठून घेतली? प्राप्तिकराच्या तक्त्यांतून, जे १९२२ पासून मिळतात. २००० नंतर बरीच वर्षं सरकारनं हे तक्ते छापलेच नाहीत, तिथं अंदाजानं जोडावं लागलं. आणि शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही. आमच्या जिल्ह्यातला दोनशे एकरांचा मालक आणि दोन एकरांचा शेतकरी, दोघेही शेतीपुरते या तक्त्यात सारखेच अदृश्य. निबंध खोटा ठरतो असं मी म्हणत नाही, लेखकांनी या त्रुटी स्वतःच लिहिल्या आहेत आणि पाहणीच्या आकड्यांनी त्या भरून काढायचा प्रयत्न केला आहे. पण वर्तमानपत्रात २२ टक्के येतात, टीप येत नाही. ती पुस्तकातच सापडते.

दारिद्र्यरेषेचंही तसंच. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही रेघ धरली. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेघेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक येतात, असं त्यांनी मांडलं. शहरातला आकडा मोठा आहे, हे पुन्हा वाचा. गावातून उठून शहरात गेलं की भागतं, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

शहर म्हणजे तरी काय? वर्ध्यात नालवाडी, सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) कुठं सुरू होतं आणि वर्धा कुठं संपतं, ते नवख्याला दाखवता येणार नाही. घरं सलग, दुकानं सलग, पण पाण्याची पट्टी एकीकडं नगरपरिषदेत आणि पलीकडं ग्रामपंचायतीत. जनगणनेत अशा ठिकाणांसाठी एक कसोटी आहे. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, म्हणजे कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी ते जनगणनेपुरतं शहर. अशी शहरं २००१ मध्ये देशात १,३६२ होती, २०११ मध्ये जवळपास ३,९००. कन्हू चरण प्रधान यांनी २०१३ मध्ये यावर लेख लिहिला तेव्हा अभ्यासकांमध्ये बरीच चर्चा झाली. सरकारनं ज्याला शहर म्हटलंच नाही, तिथंच शहर वाढत होतं.

मला त्या कसोटीत दुसरंच दिसलं. त्यातल्या कामाच्या अटीत फक्त पुरुष मोजतात. बायका शेतीत असोत की कारखान्यात, गाव शहर झालं की नाही हे ठरवताना त्यांचं काम धरतच नाहीत. आमच्याकडं काम करणाऱ्या बहुतेक बाया आधी वेचणीला जातात, किलोवर मजुरी घेतात, आणि सीझन चढला की जिनिंगमध्ये येतात. वर्षाच्या एका टोकाला शेतमजूर, दुसऱ्या टोकाला कामगार.

२०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून आपण अजून २०११ वर बोलतो. पुढची १ मार्च २०२७ हा दिवस धरून व्हायची आहे, आणि तिच्यात सगळ्यांची जातही विचारणार आहेत. दारात प्रगणक आला की बाईच्या कामाचं उत्तर बहुधा पुरुषच देतो, आणि ते "घरीच असते" असं असतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या बायांना सांगते आहे, की स्वतः पुढं व्हा, कोणतं काम किती महिने ते तुम्ही सांगा. एकीनं विचारलं, "निंदण-वेचणी करतो, जिनिंगले येतो, अन् घर तं बारा महिने. कोणता रकाना होय आमचा?" मुख्य कामाचा रकाना एकच असतो, असं मी म्हटलं. तिनं फार वेळ घेतला नाही. "मंग जिनिंग लिवा," ती म्हणाली, "वावरात कोणी हजेरी मांडत नाई."